सातावर ठोकलेला खिळा

एका राज्यात बाजार उघडे तो सूर्य पाहून नव्हे, धनेश पक्ष्याचं ऐकून. वेशीबाहेरच्या पुलावर एक प्रचंड तराजू टांगलेला होता. एका पारड्यात राज्याची सोन्याची मोहर, दुसऱ्यात समुद्रापलीकडच्या बेटाची रुपेरी नाणी, म्हणजे चांदवे. पहाटे वारा सुटे, दांडी हले, आणि दांडीवरचा धनेश मान वाकडी करून ओरडे, "आज मोहरेला तीन चांदवे!" कधी अडीच, कधी साडेतीन. मग दुकानं उघडत, गलबतं सुटत, कुरकुरणारे कुरकुरत. पिढ्यान् पिढ्या हे असंच बरं चाललं होतं.

पण राजा हेमकेतू पडला मानी. मोहर अडीचवर आली की त्याला वाटे, आपलीच उंची कमी झाली. त्याने मायाधर जादूगाराला बोलावलं. मायाधराने दांडीत एक काळा खिळा ठोकला आणि म्हणाला, "आता मोहरेला सात चांदवे, कायमचे. खिळ्याला रोज एक रांजण सोनं खाऊ घालावं लागेल. आणि या राज्यात जो हात पौर्णिमा ते पौर्णिमा रिकामा राहील, तो दगड होईल." राजाने 'सात' ऐकलं, पुढचं ऐकलंच नाही. राजेच ते!

पहिले काही दिवस शहरात नुसती चंगळ. बेटावरची लवंग, रेशीम, आरसे, सगळं निम्म्याहून कमी किमतीत. ज्यांनी कधी लवंग पाहिली नव्हती ते येताजाता लवंगा चघळू लागले.

तांबटआळीत मात्र हातोडे थांबले. येसोबा तांबटाचं घंगाळ एका मोहरेला जाई. बेटावरच्या माणसाला ते पूर्वी तीन चांदव्यांत पडे, आता सात मोजावे लागणार. कोण मोजतो? गलबतं भरून येत आणि रिकामी परत जात. न विकलेल्या घंगाळांनी येसोबाचं घर भरलं, नवं तांबं आणायला पैसा उरला नाही, हात बसून राहिले. पहिल्या पौर्णिमेला त्याचा उजवा हात मनगटापर्यंत दगड झाला, दुसरीला खांद्यापर्यंत. तिसरीला दगड काळजाला भिडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

येसोबाची लेक सगुणा संतापून पुलावर गेली.

"धनेशा, खिळा कसा निघेल?"

"बापाची सांडस घे, पोरी. तिला तीन खऱ्या बोलांचं पाणी पाज. बोल असा हवा, की बोलणाऱ्याच्या जिवावर येईल."

सगुणाने सांडस कमरेला खोचली आणि आधी गाठली ती शेजारची हौसाक्का. परदेशी रेशीम नेसून ती झोपाळ्यावर बसली होती.

"स्वस्ताई लाभली ना, हौसाक्का?"

"लाभली की!" हौसाक्का तोऱ्यात म्हणाली. मग तिने दार लोटलं आणि डोळ्यांना पदर लावला. "खरं सांगू? माझा लेक गलबतांत माल चढवायचा. आता चढवायला मालच नाही. त्याची बोटं दगड झाली गं! लवंग स्वस्त आहे, पण ती घेऊ कशानं?"

सांडस लाल झाली. सगुणा धक्क्यावर गेली. तिथे बेटावरच्या गलबताचा तांडेल सोमल सोन्याच्या थैल्या चढवत होता.

"तांडेलदादा, तुमचं तर बरं चाललंय."

"फारच बरं. माल विकतो, मोहरा घेतो, आणि दर मोहरेमागे सात चांदव्यांचं सोनं तुमच्या राजाच्या कोठारातून उचलतो." सोमलने मान खाली घातली. "पण कोठार रितं झालं की माझा माल घेणार कोण? हा धंदा नव्हे, पोरी. ही लूट आहे, आणि मी त्यात सामील आहे."

सांडस पिवळी झाली. उरला राजा. तो कोठारात एकटाच शेवटच्या रांजणापाशी बसला होता.

"महाराज, खिळा कुणासाठी ठोकलात?"

हेमकेतूने रांजणावरचा हात काढून घेतला. "माझ्यासाठी," तो म्हणाला. "मोहर मोठी दिसली की मी मोठा दिसे."

सांडस पांढरीशुभ्र झाली.

तिसऱ्या पौर्णिमेची पहाट. सगुणाने बापाला हातोडा-घंगाळासकट गाडीत घालून पुलावर आणलं. सारं गाव जमलं. तिने सांडशीत खिळा पकडला, तोच मायाधर प्रकटला.

"थांब! खिळा उपटू नकोस, फक्त सरकव. मी तो दोनवर ठोकतो. तुमची घंगाळं बेटावर हातोहात खपतील, तांबटआळी कधी रिकामी बसणार नाही. बापाचा हात आत्ता सोडवतो."

सगुणाने मागे वळून पाहिलं. बापाच्या छातीवर राखाडी रंग चढत होता. हो म्हणावं, एवढंच तर करायचं होतं! पण तांबंही त्याच बेटावरून येतं. दोनच्या भावाने ते कायमचं महाग. हौसाक्काची लवंगही. शिवाय ती तांबटाची लेक होती.

"घंगाळ मठारताना एकाच जागी ठोकत राहिलं तर भोक पडतं, मायाधरा," ती म्हणाली. "ते फिरवत राहावं लागतं." आणि तिने खिळा उपटून समुद्रात भिरकावला.

मायाधराचा गंज झाला आणि वाऱ्यावर उडून गेला. दांडी गरकन फिरली. धनेश ओरडला, "आज मोहरेला दोन चांदवे!"

"अगं बाई, लवंग महागली!" हौसाक्का किंचाळली. राजाने डोळे मिटून घेतले. येसोबाचा हात मात्र दगडच होता.

तेवढ्यात सोमल गर्दीतून पुढे आला. "दोन? मग येसोबाच्या घरातली चाळीसच्या चाळीस घंगाळं माझी! पण प्रत्येकावर माझ्या गलबताची खूण ठोकून हवी. तांबटबुवा, सुरू करा."

"बाबा, ऐकलंत ना?" सगुणाने दगडी मुठीत हातोडा दाबून बसवला, घंगाळ पुढे ओढलं आणि बापाचा हात आपल्या दोन्ही हातांनी उचलला. पहिला घाव पडला. दगडाला तडा गेला. दुसऱ्या घावाला मनगट वळलं. तिसरा घाव येसोबाने स्वतः घातला, आणि मग तो हसतही होता, रडतही होता. हौसाक्काचा लेक ती घंगाळं गलबतात चढवू लागला, तशी त्याचीही बोटं सुटली.

दुसऱ्या दिवशी मोहर तीनवर आली, पुढे साडेतीनवर, मग पुन्हा अडीचवर. हेमकेतू रोज पहाटे पुलावर येतो आणि हौसाक्काच्या मागे रांगेत उभा राहून भाव ऐकतो. जसे त्या राज्यातले हात चालते झाले, तसे ऐकणाऱ्यांचेही चालते राहोत.