बाईंच्या गाडीचं तेल

"...हेही नाही, तेही नाही. मग घालायचं तरी कोणतं, मिस्त्री?"

लतीफ मिस्त्री चहात टोस्ट बुडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

चिखलदऱ्याची सकाळ होती. धुकं असं दाटलं होतं, की रस्त्यापलीकडच्या अंगणातली पांढरी गाडी दिसतच नव्हती. तिच्या जागी धुक्याला नुसती एक गाठ पडल्यासारखं वाटत होतं.

विश्वंभर खवल्यांनी हातातली वही पुढे सरकवली. एकतीस वर्षं त्यांनी अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये इंजिनं शिकवली होती. वहीत पट्टीनं रेघा मारून चौदा तेलांची नावं लिहिलेली होती.

"चौदा?" मिस्त्री म्हणाले. "आमच्या पहाटेच्या फजर नमाजाले इतके लोक येत नाहीत, सर."

"थट्टा पुरे. गुरुवारी भंगारवाला येतोय."

टोस्टचा भिजलेला तुकडा कपात पडला. मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिले...

गाडी खवल्यांच्या थोरल्या बहिणीची. तिनं इथल्या शाळेत सारा जन्म शिकवलं. अख्खं गाव तिला बाई म्हणायचं, खवले अक्का. गेल्या वर्षी ती गेली, आणि घर नि गाडी दोन्ही भावाकडे आली. खवले राहायला आले, आणि काही महिन्यांतच गाडी सकाळी सुरू होताना खडखडू लागली. शहरातल्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, इंजिन खोलावं लागेल. पण या वयाच्या गाडीचं खोलण्यापेक्षा ती मोडीत काढा.

अक्काच्या सगळ्या वस्तू गप्प झाल्या होत्या. बोलणारी एवढी एकच उरली होती.

"मी काही कमी केलं नाही," खवले म्हणाले. "आल्या आल्या सगळ्यात जाड तेल घातलं. वीस-पन्नास. म्हातारं इंजिन, त्याला आधार नको? शिवाय रोज सकाळी रेस देऊन गरम करतो."

"रोज?"

"एक दिवस चुकवत नाही."

"अच्छा..."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. फळीवरून स्क्रू पिळायचा हातभर लांबीचा पेचकस काढला आणि चपला घालून रस्ता ओलांडला. खवले वही घेऊन मागोमाग.

बॉनेट उघडलं. मिस्त्रींनी पेचकसाचं टोक इंजिनाच्या माथ्यावर टेकवलं आणि मूठ खवल्यांच्या कानाशी धरली.

"धरून ठेवा. डोळे मिटा."

"डोळे कशाला?"

"वही दिसते म्हणून."

मिस्त्रींनी खिडकीतून आत वाकून किल्ली फिरवली.

खवल्यांनी हे चित्र हजारदा फळ्यावर काढलं होतं. तळाशी तेल, मध्ये पंप, वर जाणारी नळी, बाण दाखवून. आज पहिल्यांदा ते त्या चित्राच्या आत उभे होते. आत अंधार होता. पार वर, माळ्यावर, कोणीतरी कोरड्या बोटांनी दार वाजवत होतं... टक टक टक... आणि खाली, खूप खाली, जाडजूड कोणीतरी झोपेतून उठत होतं, कूस बदलत होतं, एकेक पायरी चढत होतं. येतो, येतो, म्हणत होतं. वरचं दार वाजतच होतं. धुकं, डोंगर, अंगण, सगळं त्या लाकडी मुठीत जाऊन बसलं होतं.

मग कोणीतरी दार उघडलं. टकटक थांबली.

आपण आकडे मोजत होतो, हे खवल्यांना तेव्हा कळलं.

"किती?" मिस्त्रींनी विचारलं.

"अकरा."

"त्या अकरात तुम्ही काय करता, सर?"

पेचकस कानावरून खाली आला.

"...रेस देतो. कोरड्या इंजिनाला."

धुक्यात कुठंतरी एक गाय खाकरली.

मग मिस्त्री म्हणाले, "डॅशबोर्डच्या खणात कंपनीचं पुस्तक असंन. काढा. माहा चष्मा घरी राह्यला."

पुस्तक होतं. तेलाच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. खवल्यांनी वाचलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"दहा-तीस? हे तर पातळ! मिस्त्री, उन्हाळ्यात खाली परतवाड्याला पारा बेचाळीसला जातो. तिथं हे टिकेल?"

"गाडी झोपते कुठं?"

"इथंच. वर."

"मंग उठवाची कुठं?"

दुपारी मिस्त्रींनी जुनं तेल सोडलं. ते काकवीसारखं सावकाश, नाराज होऊन उतरलं. नवं ओतताना खवले डब्याजवळच उभे होते.

"हे पाणीच आहे हो!"

"पाणीच म्हणा."

"एवढं जड इंजिन याला पेलेल?"

"जाड होतं, ते पेलत होतं का?"

त्या रात्री थंडी वाढली. बुधवारी सकाळी काचेवर दवाचा जाड थर होता. गाडीच्या टपावर कुठून तरी एक पिवळं पान येऊन निजलं होतं, ते कोणी उडवलं नाही.

खवले स्वतः स्टिअरिंगवर बसले. काच खाली केली. मिस्त्री बाहेर उभे राहिले, हात स्वेटरच्या खिशात. आज त्यांनी पेचकस आणला नव्हता.

खवल्यांनी डोळे मिटले आणि किल्ली फिरवली.

टक... एक... टक... दोन...

तीन म्हणायला त्यांनी ओठ हलवले, तोवर वरचं दार उघडलेलंही होतं. इंजिन पाटीवर पेन्सिल फिरावी तसं बारीक आवाजात चालत होतं. डोंगर पुन्हा आपल्या जागी येऊन बसला.

"मिस्त्री... खोलायचं?"

"काय?"

"इंजिन."

"कायले?"

खवल्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. पुन्हा काढला. खिशातला फोन चाचपून म्हणाले, "त्या भंगारवाल्याला सांगून टाकतो, येऊ नको म्हणून."

आणि बोलता बोलता, सवयीनं, त्यांचा उजवा पाय पुढे सरकला. रेस द्यायला.

मिस्त्रींनी खिशातून हात काढून खिडकीच्या काठावर ठेवला.

"थांबा."

पाय अधांतरी राहिला.

"थांबून काय करू?"

मिस्त्री धुक्यातून गाडीकडे बघत होते, जणू तिच्यात आणखी कोणी बसलं होतं...

"या टायमाले बाई गाडीत बसून वेणी घालत, जी."