सुळ्यांची नोटीस

तातू धुरीचे शब्द नेमके हेच होते का, याची आता मला खात्री नाही. मी नवा नायब तहसीलदार होतो. निवडणूक लागली आणि फौजदारांनी परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतल्या; पावत्यांवर सही करायला मी तिथे होतो.

बंदूक घेऊन आलेला शेतकरी तातू म्हणाला, "सायबांनू, भात पिकला हा. रानडुकरा उतरतत. बंदुकीशिवाय राखण कशी करू?"

"कायदा सगळ्यांना सारखा!" फौजदार गुरगुरले.

"मगे डुकरांकय नोटीस काढा. निकाल लागासर सुळे हयच जमा करूक सांगा."

सगळं ठाणं हसलं. फौजदारांनी मात्र बंदूक ठेवून घेतलीच. मीही हसलो आणि पावतीवर सही केली.

वीस वर्षांनी त्या जमा बंदुकांचं रजिस्टर मी मुद्दाम काढून पाहिलं. तातूच्या नावापुढे निकालाच्या आधीच्या तारखेचा शेरा होता: 'परवानाधारक डुकराच्या हल्ल्यात मयत. बंदूक ठाण्यातच.'