मोटर आणि कॅप्टनचा हुकूम

बोटीवरची मोठी मोटर म्हणजे भुकेला पैलवान. सुरू होतानाच सगळ्यांच्या वाटणीची वीज गिळते. म्हणून बोटीचं तोंड धक्क्याकडे वळवणारी मोटर लावण्याआधी कॅप्टननं इंजिनरूमला विचारायचं, मग खालच्यांनी दुसरा जनरेटर जोडायचा, अशी रीत. पण कॅप्टन राजाध्यक्ष विचारतील तर ना! त्यांनी बटण दाबलं की बोटीवर अंधार. काल तर बोट धक्क्यावर आपटता आपटता वाचली.

चीफ इंजिनियर तांडेल दिवे परत आणून आणून विटला होता. तो वर गेला.

"साहेब, अशानं बोट फुटेल. आधी विचारत जा."

"बोटीचा धनी मी! खालच्यांची परवानगी मी मागू?"

तांडेलनं सुस्कारा सोडला. "मग मागू नका. हुकूम सोडा, 'जनरेटर जोडा!' म्हणून. आम्ही 'जोडला साहेब' म्हटलं की बटण दाबा. दिलेला हुकूम पाळला का, हे न बघता पुढे जाईल तो कसला कॅप्टन?"

राजाध्यक्षांची छाती फुगली. पुढच्या बंदरात त्यांनी हुकूम सोडला, खालून "जोडला साहेब" आलं, मगच त्यांनी बटण दाबलं. दिवे टिकले. बोट अलगद धक्क्याला लागली.

"बघितलंस चीफ? हुकूम असा चालतो!"

"होय साहेब," तांडेल घाम पुसत म्हणाला, "आमचंच चुकलं. विचारण्यासारखं अवघड काम आम्ही उगाच तुमच्या गळ्यात मारलं होतं."