कणगीपर्यंतचा इतिहास

जुन्या कागदावर सरकारी शिक्कामोर्तब दिसल्याशिवाय प्राध्यापक सरंजामे देवाचंसुद्धा ऐकत नसत. राजकीय इतिहासात त्यांचा दराराच असा, की तोंडी परीक्षेला ते येणार म्हटल्यावर भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळे. हंसा खराडेनं मात्र सहा वर्षं खपून लिहिलेला प्रबंध ताठ मानेनं त्यांच्यापुढं ठेवला. विषय होता देवीचा रोग आणि त्यावरची लस.

सरांनी तो दोन बोटांनी बाजूला सरकवला. “यात लढाई नाही, तह नाही. रोगराई हा काय राजकीय इतिहास झाला? शिक्कामोर्तब दाखवा, बाई!”

“सर, डावी बाही जरा वर करता?”

भरल्या सभागृहात सरांनी बाही सारली. दंडावर देवी टोचल्याचे दोन गोल वण होते.

“हे सरकारी शिक्केच की, सर. कागदाला वाळवी लागते, यांना नाही.”

सर वणांकडं बघतच राहिले. “आईनं मला धान्याच्या कणगीत लपवलं होतं,” ते हळूच म्हणाले. “तरी देवी टोचणाऱ्यांबरोबरच्या सरकारी शिपायानं ओढून काढलं.”

“तेच तर लिहिलंय, सर,” हंसा म्हणाली. “सरकार तुमच्या कणगीपर्यंत पोचलं कसं!”