कुलसचिवांच्या केबिनमधला डबा

ओला आणि सुका कचरा एकत्र करते ती सफाईवाली तानूबाईच, असा विद्यापीठाच्या कुलसचिव देवस्थळींना दाट संशय होता. तिला पुराव्यानिशी पकडायचं म्हणून त्यांनी सोमवारपासून आपल्या केबिनमधला सुक्या कचऱ्याचा डबा कुणाला हलवू दिला नाही. बाहेर पडताना ते दाराला कुलूप लावत. शनिवारी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर त्यांनी डबा उपडा केला. कागदांबरोबर केळ्याची पाच सालं पडली.

“बोला, तानूबाई. नोकरी गेली समजा.”

“साहेब, आठवडाभरात आत कोण कोण आलं?”

“एकालाही येऊ दिलं नाही. किल्ली माझ्याच खिशात होती.”

तानूबाईंनी सालं उचलून ओल्याच्या डब्यात टाकली.

“मग तुमचा संशय खराच निघाला, साहेब. माणूस तेवढा चुकला.”