अर्धी राहिलेली वेल

सरदार निंबराव सांगून करवलेलं कपाट बघायला आले. सोनबा सुतारानं खणाला सागाची नक्षीपट्टी बसवली होती, पण तिच्यावरची वेल मध्येच थांबली होती.

"ही अर्धीच का?"

"माझी लेक भिवरा कोरत होती, सरकार. परवा तापानं गेली. तिच्या कामावर पटाशी चालवायला माझा हात धजत नाही."

"रडगाणं नको. माझा हुकूम या मुलखात कुणी मोडत नाही. वेल आजच पुरी झाली पाहिजे!"

सोनबानं हात जोडले. "मग हुकूम तिलाच करा, सरकार. मी दोन दिवस हाका मारतोय, माझं ती ऐकत नाही."

सरदारांनी उघडा खण हळूच लावून कपाट तसंच गाडीत चढवलं.

गाडी गेल्यावर सोनबाच्या ध्यानात आलं, त्या पट्टीवरून एकदा हात फिरवायचा राहून गेला.