रापणीचं जाळं कुणी फाडलं?

कधीची गोष्ट म्हणून विचाराल, तर सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. समुद्र तेव्हाही खाराच होता आणि माणसं तेव्हाही आजच्यासारखीच भांडत होती, एवढं नक्की.

त्या काळी एका किनाऱ्यावर तीस घरांचं गाव होतं. गावाची रापण एकच. रापण म्हणजे लांबच्या लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून सगळ्यांनी मिळून किनाऱ्याला ओढायचं. या जाळ्यात प्रत्येक घरानं आपल्या हातानं विणलेला एक तुकडा जोडलेला असे. ज्याचा तुकडा जाळ्यात, त्याचा वाटा मासळीत. जाळं कधी आणि कुठं टाकायचं, हे मात्र एकटा तांडेल ठरवी. तांडेल होता धाकू. हाताचा खमका, डोळ्यांचा तेज, आणि कुणाचं ऐकून घेण्यात अंमळ कच्चा.

पावसाळा दहा दिवसांवर आला होता. मग चार महिने समुद्र बंद. घरात सुकवलेली मासळी असेल तरच पोटाला आधार. अशात एका दुपारी टोकाच्या खडकांजवळ पाणी काळसर झालं, वर पाखरांनी गर्दी केली. बांगडा आला होता. म्हातारे भिवाबा म्हणाले, ओहोटी लागली आहे, पाण्याची ओढ खडकांकडे आहे, उद्या भरतीला टाकू. धाकू हसला. उद्या बांगडा तुमची वाट बघत बसणार आहे का, असं म्हणून त्यानं होडी लोटायला लावली.

व्हायचं तेच झालं. ओहोटीनं जाळं खडकांवर नेलं. सगळ्यांनी जोर लावला आणि जाळं मधोमध टरकन फाटलं. मासळी गेली ती गेलीच, ओल्या वाळूवर चिंध्यांचा ढीग तेवढा आला.

जाळं फाटलं ते नेमकं चांगुणेच्या तुकड्यापाशी. चांगुणा विधवा; घरात दोन लहान मुली आणि आंधळी सासू. हिचं सूतच कुजकं, असं एक जण म्हणाला. दुसऱ्यानं मान डोलावली. तिसऱ्यानं तर सांगूनच टाकलं, की बाईचा तुकडा रापणीतून काढा. म्हणजे वाटाही गेला आणि चार महिन्यांचं अन्नही गेलं.

धाकू हे सगळं ऐकत होता. आणि खोटं कशाला सांगू, त्याच्या जिवात जीव आला. सगळे तिच्याकडे बघत होते, त्याच्याकडे कुणीच नाही. गुपचूप घरी सटकावं म्हणून तो चार पावलं चाललासुद्धा. असा होता आपला तांडेल!

पण सहज मागं वळून पाहिलं, तर चांगुणा वाळूत बसून स्वतःच आपला तुकडा कापून मोकळा करत होती. शेजारच्या तुकड्याचा धनी म्हणाला, मग माझाही काढतो, उद्या माझ्या नावानं खडे फोडाल. आणखी एकानं कोयती काढली, मग आणखी दोघांनी. खडकांनी शिल्लक ठेवलं होतं तेवढंही जाळं आता माणसं सुटं करायला निघाली होती. आता धाकूच्या ध्यानात आलं: जाळंच उरलं नाही तर चांगुणाच काय, तीसही घरं उपाशी राहणार, आणि तेही आपण तोंडाला कुलूप लावलं म्हणून.

तो परत आला.

"कोयत्या खाली ठेवा," तो म्हणाला. "सूत कुजकं नव्हतं. भिवाबांनी ओहोटी सांगितली होती. मला मासा दिसला, खडक दिसला नाही. जाळं मी फाडलं."

आता शिव्या पडणार, असं धाकूला वाटलं आणि गंमत बघा, त्याला बरंच वाटलं. छातीवरचा धोंडा उतरला होता. दुसरा तांडेल नेमायचा तर खुशाल नेमा, पण चांगुणावहिनींचा तुकडा जाळ्यातच राहील, असंही त्यानं सांगितलं.

भिवाबा तंबाखू मळत होते. "तांडेलाचं पावसाळ्यात बघू," ते म्हणाले. "आधी सांग, उद्या काय करायचं?"

धाकूनं काम वाटून दिलं. ज्याचा त्यानं आपला तुकडा सांधायचा नाही, शेजाऱ्याचा सांधायचा. म्हणजे कुणाचं सूत कसं आहे ते हातालाच कळेल. सगळ्यात फाटका तुकडा, चांगुणेचा, त्यानं स्वतःकडे घेतला. आता होडी हाकणं वेगळं आणि जाळं विणणं वेगळं. त्याच्या गाठी बघून चांगुणेला हसू आवरेना. निम्म्या तिनं सोडून पुन्हा घातल्या. कुजक्या सुताची गोष्ट काढणाऱ्यानं तिचं सूत ओढून पाहिलं. बोट कापलं पण सूत तुटेना, तेव्हा बिचारा ओशाळला. चौथ्या दिवशी जाळं पुन्हा अखंड झालं.

त्यानंतर दोनदा मासळी दिसली. दोन्ही वेळा धाकूनं सगळ्यांसमोर भिवाबांना विचारलं, दोन्ही वेळा ते नको म्हणाले, आणि हात शिवशिवत असूनही धाकू थांबला. पावसाला दोनच दिवस उरले असताना भिवाबा हो म्हणाले आणि जाळं पडलं. डोंगराएवढी मासळी नाही हो आली. पण तीस घरांना पुरेल एवढी आली, आणि चांगुणेच्या अंगणात बांगडा वाळायला पडला. त्या दिवशी सगळं गाव पोटभर जेवून निवांत झोपलं.

पावसाळ्यात बैठक बसली. तांडेल बदलायचा का, एवढाच प्रश्न होता. धाकू खाली मान घालून बसला होता. चारचौघांत कधी न बोलणारी चांगुणा उठून उभी राहिली.

"दुसरा नेमाल, तोही कधीतरी चुकेलच," ती म्हणाली. "पण चुकल्यावर तो बोलेल की नाही, ते कुणाला ठाऊक? धाकूभावजींचं आपल्याला ठाऊक आहे."

बैठक तिथंच उठली. धाकू पुढं म्हातारा होईपर्यंत त्या गावाचा तांडेल राहिला, आणि त्या रापणीतून एकाही घराचा तुकडा कधी निघाला नाही.

तेव्हा लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: म्होरक्यानं आपली चूक आपल्या अंगावर घेतली, की बाकीच्यांचे हात कामाला मोकळे होतात.